कोयतीचं पोपटी झबलं

४ मार्च २०१२
नाय गो बाय, भीती कसली? जिता होता तवा भ्यायले नाय, आता काय भिणार? पण नणंद ऐकेल तर चंद्रावती कसली. माझ्या म्हाताऱ्याचं दिवसकार्य झालं तशी त्याचीच कोयती माझ्या गादीखाली सारली. म्हणे वयनी, दादूसचा जीव तुझ्यात लय अडकलाय, तो येल. लोखंडाला भूत भितं. काढलीस तर माझ्या गळ्याची शपथ.
शपथ घेतली. राहू दे. पण खाडीची हवा, कोयतीला गंज चढला, चादर तांबडी झाली. म्हणून प्लास्टिक चढवायचं ठरवलं. फक्त चादरीसाठी.

६ मार्च
दुधाच्या पिशव्या धुतल्या, कोयतीला गुंडाळल्या, वरून सेलोटेप. पॅक!

७ मार्च
पिशवीला आतून घाम. गंज डबल. कूस बदलली की कुरकुरते. दुपारी दचकून उठले, म्हटलं आला. पिशवीच होती मेली.

११ मार्च
वायरमनची काळी टेप लावली. उकाड्यानं डिंक सुटला, चादर चिकटली. चहा दोन कप झाला. सवय. दुसरं काय नाय.

१५ मार्च
फुटकी प्लास्टिकची बादली पातेल्यात वितळवली, म्हटलं कोयती बुडवून काढू. घरभर काळा धूर. शेजारची वसुंधरा धावत आली, म्हणे काकी, भूत उतरवताय काय? म्हटलं नाय गो, तुझ्या मेलेल्या सासूला बोलावतेय. चप्पल टाकून पळाली.
पातेलं गेलं. तब्येतीला धूर बरा नाय, आता मशीनचं काम करायचं.

२० मार्च
भाचा कल्पेशचं तळोज्याला वर्कशॉप हाय. लोखंड भट्टीत तापवतो, प्लास्टिकच्या पावडरीत बुडवतो, पावडर वितळून अंगालाच बसते. म्हणे मामी, धार मरेल. म्हटलं धनी मेला, धारेचं काय घेऊन बसलास? म्हणे लाकडी मूठ जळेल. म्हटलं काढ. कलर कुठला? पोपटी. म्हाताऱ्याला माझं पोपटी लुगडं आवडायचं. म्हणजे, चादरीला मॅच होतो.

२४ मार्च
आली! गुळगुळीत, पोराच्या खेळण्यावाणी. लोखंड कुठं दिसत नाय. भिंतीकडची त्याची जागा मोकळी ठेवून झोपले. उकाडा हाय ना.

२५ मार्च, पहाटे
मशेरीचा वास! म्हातारा रोज पहाटे दाताला लावायचा तीच. तशीच उठले. केस विंचरले, लुगडं बदललं, मागच्या दारी गेले. चंद्रावती चुलीपुढं मशेरी भाजत बसलेली. म्हणे वयनी, एवढी नटून कुठं? म्हटलं बाजारात. मग जावंच लागलं. बोंबील आणले.

२८ मार्च
सापडलं! कोयतीच्या बुडाला टिकलीएवढं लोखंड उघडं. कल्पेश म्हणे, तारेनं टांगतो तिथं पावडर लागत नाय. तरीच! तरीच म्हणजे, तरीच गंजेल. वसुंधराची नेलपॉलिश मागितली. तिनं नखांकडं बघितलं, मग तोंडाकडं. म्हटलं नवरा बघतेय गो. ठिपका बुजवला.

२ एप्रिल
चादर स्वच्छ. एक डाग नाय. कोण आलं नाय.
चंद्रावती खूश. म्हणे बघ वयनी, लोखंडाचा गुण! मी पण हसले.
चादर गेली खड्ड्यात. शपथ मोडवेना, म्हणून लोखंड झाकलं. झाकलं की तो येल म्हणून. मला तो पायजे होता. भूत तर भूत.