दादा माझ्या चुका काढत नाही

तीर्थस्वरूप सौ. वहिनींना धाकट्या दिराचा वाकून नमस्कार (पाठ धरली आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढाच).

तुमचा गुडघा, शाळेतला चित्रकलेचा वर्ग आणि कुंडीतला तो हट्टी गुलाब, तिन्ही बरे असतील अशी आशा करतो. फोन तुमच्याकडे कुणीच उचलत नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या नव्या साहेबांनी फर्मान काढलं की ज्या एडिटरमध्ये कोड लिहिता, त्यालाच टीमचा ग्रुप आणि बदलांची नोंद ठेवणारं गिट, दोन्ही जोडून टाका. मी उत्साहाच्या भरात दिसेल त्या चौकटीत टिक केली. (दादा शेजारी असता तर आधी वाच म्हणाला असता.) झालं! मी काहीही सेव्ह केलं की ग्रुपवर दवंडी. कोडमध्ये मी स्वतःसाठी टिपणं लिहून ठेवतो, तीही गेली, आणि त्यात ‘हा भाग साहेबांच्या हट्टापायी, अक्कल शोधू नये’ हेही होतं. साहेबांनी खाली विचारलं, कोणते साहेब? मी जुन्या साहेबांचं नाव घेऊन सुटलो. जुने साहेबही ग्रुपवर आहेत, हे मला नंतर कळलं.

तरी या जोडाजोडीने एक बरं होईल असं वाटलं होतं. आई गेल्यापासून दादा आमच्याच ऑफिसचं काम घरून करतो, माझ्याशी अवाक्षर बोलत नाही. पण माझा प्रत्येक बदल तपासायला त्याच्याकडेच जातो, आणि आता त्याचा शेरा थेट माझ्या ओळीशेजारी उमटणार होता. वहिनी, एका जास्तीच्या स्वल्पविरामासाठी या माणसाने मला अर्धा अर्धा तास झापलंय. ‘गाढवा, हे कुणी शिकवलं तुला?’ हे तर मी पाटीवर अक्षरं गिरवायचो तेव्हापासूनचं. मी शेऱ्याची वाट बघत बसलो. आला तो नुसता अंगठा. म्हणजे मंजूर.

मग मी मुद्दाम चुका करायला लागलो. दवाखान्याच्या अपॉइंटमेंटच्या प्रोग्राममध्ये एका पेशंटला एकतीस फेब्रुवारीला बोलावलं. अंगठा. डॉक्टरांनाच पेशंट करून स्वतःच्या रांगेत बसवलं. अंगठा. शेवटी कोडच्या मधोमध ‘दादा, जेवलास का रे?’ असं लिहून पाठवलं. त्यालाही अंगठा! (हे सगळं मी लगेच काढून टाकलं, कुणा पेशंटला भोगावं लागलेलं नाही.) मग मात्र मला राहवेना, जागेवरच रडलो. शेजारच्या टेस्टरताईंना वाटलं, साहेबांनी मला नोकरीवरून काढलं. त्यांनी बिस्किटं दिली आणि साहेबांचा मनसोक्त उद्धार केला. मी बिस्किटं खाल्ली, खुलासा केला नाही.

मला त्याच्या त्या ‘गाढवा’ची फार आठवण येते, वहिनी. त्याला सवड होईल तेव्हा एक फोन करायला सांगा. घाई अजिबात नाही.

तुमचा
धाकटा दीर

ता. क. घाई आहे.

ता. क. (पुन्हा) काल अंगठ्यासोबत दोन शब्दही आले : ‘छान केलंस.’ वहिनी, दादा मला जन्मात कधी छान म्हणालेला नाही. तो अंगठा तुम्ही दाबताय. तो अंथरुणातून उठत नाही हे ऑफिसात कळू नये, त्याची नोकरी राहावी, म्हणून त्याच्या मशीनपुढे रोज तुम्ही एकट्या बसत असणार. मी कुणाजवळ बोलणार नाही. पण आता पुरे करा. मी रजा टाकली आहे, शनिवारी येतो. घर आवरू नका, त्याला उठवून बसवू नका. मागच्या खेपेला तो मीटिंगमध्ये आहे म्हणून मला दारातूनच परत पाठवलंत आणि मी मुकाट्याने गेलो. या वेळी जाणार नाही.