माझ्या शेगडीची काच आणि सोलफ्रिडचा फोटो

प्रिय तोरब्योर्गताई,

तुला गुडघे टेकून नमस्कार. (मुद्दाम टेकलेले नाहीत, आठवडाभर शेगडीपुढे टेकलेलेच आहेत.) बर्गनचा पाऊस काय म्हणतो? भावोजींची कंबर अजून धरते का? इकडे दरीत उणे अठरा आहे आणि मी ठणठणीत आहे. आमच्या शेजारच्या सोलफ्रिडवर मी अजिबात जळत नाही, हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा गैरसमज व्हायला नको.

तर झालं असं. सोलफ्रिडच्या शेगडीच्या दाराची काच इतकी लख्ख असते की रस्त्यावरून जाणाऱ्यालाही आतल्या ज्वाळा मोजता याव्यात. (मी मोजलेल्या नाहीत. मी तिथे फक्त हळू चालते, बर्फ निसरडा असतो.) आमची काच मात्र शेगडी पेटवल्यावर तासाभरात काळीठिक्कर. आत विस्तव आहे की मांजर बसलंय, कळायचं नाही. त्यातून नोव्हेंबरात आपल्या साप्ताहिकाने 'दरीतला सगळ्यात उबदार कोपरा' म्हणून तिचा रंगीत फोटो छापला, चांगलं अर्धं पान! काय ते हसणं, काय तो स्वेटर! आणि आमचा आयलर्ट दर रविवारी दुपारी तिच्याकडे कॉफीला. घरी येऊन मला सांगतो काय, तर तिच्याकडे जाळ बघत बसलं की बरं वाटतं. मग एकतीस वर्षं मी त्याला काय दाखवलं? सोलफ्रिडचा नवरा गेला, तिला एकटं वाटत असेल, हे मला कळतं. पण माझा नवरा म्हणजे काही चर्चचा बाक नाही, कुणीही येऊन टेकायला.

म्हणून ठरवलं, काच घासायची आणि रविवारी आयलर्टला घरातच बसवायचं. व्हिनेगर लावलं, तर घरभर मुरवलेल्या हेरिंग माशाचा वास आणि काच होती तशीच. भांड्यांचा साबण लावला, तो काळा होऊन माझ्या बाहीत शिरला. तारेच्या घासणीने घासलं, तर काजळी राहिली आणि वर ओरखडे आले. आई काय करायची ते हे सगळं झाल्यावर आठवलं. (तुला आधी आठवलं असतं, तू तिची लाडकी.) वर्तमानपत्राचा ओला बोळा शेगडीतल्याच राखेत बुडवायचा आणि गोल गोल फिरवायचा. रद्दीत सोलफ्रिडचं पान वरच होतं. वरच का होतं ते विचारू नकोस. तिचं हसणं भिजवलं, राखेत घोळवलं आणि असं रगडलं म्हणून सांगू! ताई, काच अशी निघाली की त्यात मला माझंच तोंड दिसलं, आणि ते चांगलंच खुशीत होतं.

दुसरी बाजू वापरावी म्हणून बोळा उलगडला, तर फोटोचा उरलेला भाग नजरेस पडला. तिच्या शेगडीशेजारी टोपली, टोपलीत फोडलेलं बर्चचं लाकूड, आणि प्रत्येक लाकडाच्या टोकाला निळा ठिपका. अगं, तो ठिपका मी लावते! दोन उन्हाळे वाळलेलं लाकूड यंदाच्या ओल्यात मिसळू नये म्हणून, स्वतःच्या हाताने, ब्रश घेऊन. तशीच सरपणाच्या कोठीत गेले. पुढची एक रांग दाखवायला निळी, मागे सगळा ओला बर्च. शेगडीत लाकूड घालणं आयलर्टचं काम, त्यामुळे मी कधी मागे डोकावलेच नव्हते. आमचं सुकं लाकूड जळायचं तिच्याकडे, आणि ओल्याचा धूर बसायचा माझ्या काचेवर.

आयलर्टला समोर उभा केला. तो म्हणाला, "कमरेला लागल्यापासून तिला कुऱ्हाड उचलत नाही. तिच्याकडे फोडायला कोण राहिलंय आता?"

"मग मला सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर तू दिलं असतंस गं. पण मग गावभर ऐकवलंही असतंस."

ताई, मला इतका राग आला! कारण त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी लाकडं दिली असती आणि चर्चनंतरच्या कॉफीला चारजणींत सांगितलीही असती. आपल्याच नवऱ्याला स्वतःचा चांगुलपणा आपल्यापासून लपवावासा वाटतो, याचं फार वाईट वाटलं.

मग रविवारी सोलफ्रिडलाच बोलावलं. वॉफल केले, तपकिरी चीज काढलं, उरलेली निळी लाकडं जाळली. आयलर्ट एकदाचा घरात बसला. ती बसली माझ्या खुर्चीत. बराच वेळ जाळ बघितला आणि म्हणाली, "छान निघालीय गं काच. डावा कोपरा तेवढा राहिलाय."

माझ्या मनात आता तिच्याबद्दल काहीही नाही.

तुझी,
गुन्वर

ता. क. ती आता दर रविवारी आमच्याकडे येणार आहे. आयलर्टने ठरवलं. (बोलावून बसले होते मीच.)

आणखी ता. क. पत्र खरं एवढ्यासाठीच लिहिलं. तुझ्याकडे आपलं साप्ताहिक टपालाने येतं ना? सोलफ्रिडच्या फोटोचा अंक टाकला नसशील तर लगेच पाठव. तिकडे आपल्या दरीतलं आणखी कुणी असेल तर त्यांचेही मागून घे. इथले सगळे मी गोळा केलेत, पण हिवाळा एप्रिलपर्यंत आहे आणि डावा कोपरा अजून तसाच आहे. दुसऱ्या कागदाने निघत नाही. मी करून पाहिलंय.