सोमवारचं विमान

बेथेल, अलास्का
१२ सप्टेंबर

ती. पेलागियाताईस,
मॅक्सिमचा शि. सा. न.

पत्रास कारण की, माझ्या दोन विमानांच्या कंपनीनं सरकारकडे अर्ज केलाय. आजवर बोलावणं आलं की उडायचो. परवाना मिळाला तर दर सोमवारी नि गुरुवारी ठरल्या वेळी नानवाकला विमान येईल, मग प्रवासी एक असो वा पाच.

कुणाची हरकत असेल तर कळवा, असं सरकारनं जाहीर केलंय. चार वर्षांपूर्वीचा अपघातही मी अर्जात लिहिला. धुकं होतं, दाजींना घर गाठायचं होतं, मी विमान काढलं. दाजी गेले आणि मी उरलो. गाव पाठिंब्याच्या पत्रावर सह्या करतंय म्हणे. तू केली नाहीस, अगदी हरकत घेतलीस, तरी मला राग येणार नाही.

फेक्ला बाळंतपणाला इकडे आली की मी आहेच. लेकीची चिंता नको. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
मॅक्सिम


नानवाक
३० सप्टेंबर

चि. मॅक्सिमास अनेक आशीर्वाद.

हरकत घेतली नाही आणि सहीही केली नाही. पाद्रीबाबांनी कागद पुढे धरला, तेव्हा धुरीवरचे मासे उलटायचेत म्हणून मी उठले.

तुझा हात चांगला आहे, हे नदीकाठचं गावन्गाव जाणतं. पण तुला नाही म्हणता येत नाही रे. लहानपणी शेजारच्या पोरीनं मागितला म्हणून अंगातला कोट देऊन आलास आणि महिनाभर खोकत बसलास. ह्यांनीही आग्रहच केला होता. आता घड्याळ लावून उडणार, म्हणजे आग्रह करणारे आणखी वाढतील. तेव्हा काय करशील?

तू रागावणार नाहीस म्हणतोस. मी रागावलेलीच आहे. आणि सामान उतरवून धावपट्टीवरूनच परत फिरतोस, घरी पाऊल टाकत नाहीस, त्याचाही राग आहे.

सुके मासे पाठवतेय. एकट्यानं फस्त करू नकोस.

तुझी,
ताई


बेथेल
१८ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न.

ताई, परवाना आला! आणि त्याहून मोठी बातमी, फेक्लाला मुलगा झाला. आपल्या रीतीप्रमाणे तिनं त्याला वडलांचं नाव दिलंय, वासिली. म्हणजे माझे दाजीच परत आले. मी दाजी म्हणून हाक मारली, तर तोंडावर शिंकले.

येत्या सोमवारी पहिलं विमान मीच आणतोय. मायलेकरं त्यातच असतील. लोभ राहू दे.

तुझा,
मॅक्सिम


नानवाक
२९ जानेवारी

चि. मॅक्सिमास अनेक आशीर्वाद.

सोमवारी सगळं गाव धावपट्टीवर आलं होतं. बाळासाठी शिवलेली केसाळ टोपी मी कोटाच्या आत उबेला धरली होती. तेवढ्यात धुकं उतरलं. धावपट्टीच्या कडेला खुणेला ठेवलेले डबेसुद्धा दिसेनात. तरी मी कान लावून उभी होते, चार वर्षांपूर्वी उभी होते तशीच. मग रेडिओवर निरोप आला की विमान येत नाही.

लोक चिडले. पहिल्याच दिवशी सरकारी परवान्याची शोभा झाली, असं म्हातारा एवन मोठ्यानं म्हणाला. मी मात्र मटकन बर्फातच बसले आणि रडले. सगळ्यांना वाटलं, नातू आला नाही म्हणून रडतेय.

बाकीचं फेक्लानं सांगितलं. ती तुझ्यावर ओरडली, आई ताटकळत असेल म्हणाली, बाबा असते तर निघाले असते असंही म्हणाली. तू मान खाली घालून सगळं ऐकलंस आणि नाही म्हणालास.

गुरुवारी लख्ख उन्हात आलास, बाळ माझ्या हातात दिलंस आणि पुन्हा तिथूनच पळालास. मला बोलूही दिलं नाहीस, म्हणून हे लिहितेय. वासिलीला घरी आणायचं होतं आणि धुकं होतं. या खेपेला तू थांबलास. माझा राग गेला, मॅक्सिम.

येत्या सोमवारी विमान बांधून ठेव आणि घरी जेवायला ये. चरबीत बेरी कालवून ठेवते. तुझे दाजी वाट बघताहेत.

तुझी,
ताई