मधली तुळई

दाउरेन, खुशाली नंतर विचारते. बाबांनी घातलेली मधली तुळई तू कापलीस? वर चुलीची भिंतही पाडलीस? पोरीच्या लग्नाची पंगत एकाच खोलीत बसावी म्हणून! पाहुण्यांना दोन खोल्यांत बसून घोड्याचं मटण गिळवत नाही का?

फोनवर म्हणालास, "ताई, सरकारी नकाशात आपला माळ पांढरा आहे, भूकंप तुमच्या अल्माटीत." अरे शहाण्या, त्याच नकाशाखाली 'धोका कमी' असं लिहिलंय. अजिबात नाही, असं कुठे लिहिलंय? तू पाळण्यात होतास तेव्हा भर दुपारी जमीन हलली आणि तीच चुलीची भिंत छतापर्यंत फाटली. आई तुला गोधडीसकट उचलून अंगणात पळाली. त्यानंतर बाबांनी ती तुळई घातली. पुन्हा कधी हललं नाही, म्हणून तुला ती अडगळ वाटली.

मी मजेत आहे. इथे मी कामाला आहे ती बेकरी हलली की आम्ही बाहेर पळतो, परत येऊन पाव भाजतो. पण ही इमारत भूकंप धरूनच बांधलीय. आपलं घर कच्च्या विटांचं. आई अजून त्याच खोलीत निजते ना? तिचे गुडघे कसे आहेत? तिला पळता येईल का?

आईला आजच मावशीकडे हलव. छताला टेकू दे, मग नवी तुळई घाल. हे सगळं झालं का, ते मला पाच तारखेच्या आत कळव. नाहीतर सहाला मी गाडीत बसते, आणि लग्नात नवऱ्या मुलाकडच्या माणसांसमोर तुला विचारते.

तुझी थोरली बहीण,
बालजान