मालतीचा मुक्काम

३ नोव्हेंबर, पहाटे ५.४०
ठण्ण. आज जाग आली ती स्वप्नातल्या त्याच आवाजाने. आमच्या शाळेत घंटा नव्हती, लिंबाला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला असे. तो वाजला की चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणत. शेवटच्या बाकापर्यंत सूर जायचा. कुठे गेले ते सूर?
असो. काल सूनबाई पोलंडहून आल्या. सुरेंद्रने लग्न तिकडेच उरकलं, म्हणून नाव ठेवायचं राहिलं होतं. काल ताटात तांदूळ पसरून अंगठीने लिहिलं: मालती. नाव मीच निवडलं. मार्टा हे काही आमच्या तामसी गावात शोभणारं नाव नव्हे.
तिला वर्षभर आमच्याजवळ राहून मराठी शिकायची आहे. मात्र चौदा दिवसांत पोलीस ऑफिसला रजिस्ट्रेशन व्हायला हवं, नाहीतर मुक्काम धोक्यात. सुरेंद्र म्हणाला, बाबा, ऑनलाइन असतं, मी हैदराबादहून करतो. मी म्हटलं, तू नोकरी सांभाळ. चौतीस वर्षं पोरांचे दाखले मी लिहिले, एका सुनेचा कागद मला जड?
संकल्प: तीन दिवसांत काम फत्ते.

६ नोव्हेंबर
अर्ज गद्यात लिहून पाहिला. दम नाही. गद्य अर्ज रोज शेकड्यांनी येत असतील, साहेब वाचेल कशाला? भुजंगप्रयात वृत्त घेतलं.
विनंती तुम्हाला असे नम्रतेने,
इथे सून माझी रहावी सुखाने.
पुढची अठ्ठावीस कडवी आपोआप आली. सूनबाईंना वाचून दाखवली. शेवटपर्यंत बसल्या, टाळ्या वाजवल्या! रिटायर झाल्यापासून, म्हणजे बारा वर्षांत, शेवटपर्यंत बसलेलं हे पहिलं माणूस. ही पोरगी परत जाता कामा नये.
मालती म्हणून तीनदा हाक मारली, वळल्या नाहीत. आमच्या सौ. कुसुमने चुलीपासून “मार्टाऽ” केलं तर धावत गेल्या. सवयीचा प्रश्न आहे.

९ नोव्हेंबर
बसने आदिलाबाद. कापसाच्या गाड्यांमुळे तासभर खोळंबा. ऑफिस बंद. रविवार. अर्थात मी पाहणी करायलाच गेलो होतो. गेट उत्तरेला आहे.
घरी कुसुम म्हणाली, “काऊन हिंडून राह्यले उन्हात? पोराले करू द्या नं ते.” तिला कागदपत्रांतलं कळत नाही.

११ नोव्हेंबर
डोमाजींचा सल्ला घेतला. रिटायर गिरदावर, म्हणजे महसूल खात्यातला मोठा अनुभवी माणूस. म्हणाले, “गुरुजी, सरपंचाचा दाखला जोडा, दोन गवाह घ्या, मुहर मारा. कोणाची हिंमत हाये नाही म्हणाची?” दाखल्यावर नाव मालतीच घातलं.
सूनबाईंनी हळूच विचारलं, “बाबा, पासपोर्टवर दुसरं नाव?” मी समजावलं. आपल्याकडे सुनेचं जुनं नाव माहेरी राहतं. पासपोर्ट हा माहेरचा कागद. सासरच्या अर्जाला तो कशाला? त्या फोन घेऊन अंगणात गेल्या. बहुधा पटलं.

१४ नोव्हेंबर
विजय! सहा पानी अर्ज दाखल. खिडकीतला क्लार्क म्हणाला, “सर, ये सब ऑनलाइन होता.” मी म्हटलं, दुसऱ्यांचं होत असेल. मग पासपोर्टची झेरॉक्स मागितली. त्याला मी दुसरं कडवं वाचून दाखवलं. तिसऱ्या कडव्याला त्याने शिक्का मारून अर्ज घेतला. मागे रांग होती, तरी मारला. कवितेची ताकद!
येताना अर्धा किलो जिलबी.

१७ नोव्हेंबर
मुदत काल संपली, उत्तर नाही. रात्रभर झोप नाही. वरवर मात्र अगदी शांत होतो. चहात मीठ घातलं ते माझ्या हातून, असं कुसुम म्हणते.
शेवटी सूनबाईंनी फोन पुढे केला. परमिट! सुरेंद्रने आणि तिने ५ तारखेलाच ऑनलाइन भरलं होतं, १२ला मंजूर झालं. मला काऊन नाही सांगितलं, असं विचारलं तर कुसुम म्हणाली, “तुमची कविता रंगात आली होती, मोडा कशाले?”
अर्ज १४ला दिला, मंजुरी १२ची. सरकारी कामात तारखा थोड्या मागेपुढे होतात. श्रेय कुणाचं, हे मी बोलून दाखवणार नाही.

२४ नोव्हेंबर, दुपारी ४.१०
उद्यापासून मालतीला वृत्तं शिकवायची, असं ठरवून वही उघडली तोच दार वाजलं. डोमाजी असतील म्हणून उठलो. कॉन्स्टेबल! हातात माझा अर्ज.
म्हणाला, तुमच्याकडे एक फॉरेनर आहे, मार्टा, तिचं रेकॉर्ड बरोबर आहे. “मगर ये दूसरी कौन? मालती. न पासपोर्ट, न व्हिसा. और आपने खुद लिखके दिया!” आणि माजघरात, न्हाणीत, कापसाच्या ढिगामागे दुसरी बाई शोधू लागला. कुसुम तोंडाला पदर लावून हसत होती. काही उपयोगाची नाही.
शेवटी तो अंगणातून तेलुगू पद्धतीने मान देत ओरडला, “मालती गारू!”
आणि आतून आवाज आला, “ओ!” ज्वारीच्या पिठाने माखलेले हात घेऊन सूनबाई दारात. “मीच मालती.” बावीस दिवसांत पहिल्यांदा. माझे डोळे भरून आले. कॉन्स्टेबलचं डोकं दुखू लागलं.
सध्या तो ओसरीवर चहा घेतोय. दोन बाया नसून एकच आहे, असा माझा जबाब त्याला लेखी हवा. “सर, बस चार लाइन. सिंपल.” मी चष्मा शोधायला म्हणून आत आलो आहे. चष्मा डोळ्यांवरच आहे.
चार ओळी म्हणतोय. म्हणजे एकच कडवं. वृत्त कोणतं घ्यावं?