कंदाचं डोकं

कार्ले, रविवार, मार्गशीर्ष, शके १८६५

आज जेवण गेलं नाही. लढाईमुळे रेशनचं धान्य पुरत नाही, म्हणून सगळ्या गावाला घेऊन डोंगरावर कंद खणायला गेलो. कल्पना माझी, शाळामास्तराची. वाट दाखवायला वरच्या वाडीची ठमामावशी होती. संध्याकाळी देवळासमोर घरटी सारखे वाटे घातले. एक तुकडासुद्धा मातीत ठेवला नाही, असं मी फुशारकीनं सांगितलं. कशाला सांगितलं?

मावशीनं आपला वाटा घेतलाच नाही. म्हणाली, "मास्तर, मला कंद नगं. समद्यांच्या कंदांची डोकी तेवढी कापून द्या."

डोकं म्हणजे वेलाकडचा चार बोटांचा तुकडा. वाडीची माणसं कंद काढतात आणि डोकं त्याच खड्ड्यात परत पुरतात. पुढच्या वर्षी त्यालाच कंद धरतो. आणि मी? पोरांना बियाणं जपायला शिकवणारा.

ती घरोघर फिरली. तोवर बरेच कंद चुलीवर चढले होते. पदरात जेमतेम दहा-बारा डोकी जमली. आमचा कंद बायकोनं धुऊन ठेवला होता, त्याचं डोकं मी स्वतः कापून दिलं.

"मावशी, डोंगरावरच का नाही बोललीस?"

तिच्या आवाजात राग नव्हता. "बोलनार व्हते. पर तवा तुमचं भाषान चाललं व्हतं."

उद्या शाळेआधी तिच्याबरोबर वर जायचं. खड्डे ती दाखवील. मी डोकी पुरायची, बोलायचं नाही.