अंगठ्याला न लागलेली गाठ

बा, मी कोण, आठवतंय का? नसंल. जिवंत होतास तेव्हाही मला हाक मारताना आधी दोन मेंढ्यांची नावं घ्यायचास, मग माझ्यावर यायचास. तर मी ती मेंढ्यांनंतरची, तुझी थोरली लेक. आता स्वतः आजी झालेय. तुला वाचता येत नव्हतं, मला लिहिता येत नाय, आणि मधी लिहायला बसलीय माझी लेक. ती मेंदूची डॉक्टर, तिचं अक्षर औषधाच्या दुकानदारालाही लागत नाय. म्हणजे हे पत्र कुणीच वाचणार नाय. बरंच हाय.

तुझी ही नात डोक्यातल्या, मणक्यातल्या गाठी काढते. तेवढ्यावर भागत नाय. गाठीचा कण काचेच्या बशीत ठेवून वाढवते, कशानं मरतो ते बघायला. त्यांना वेळच्या वेळी खायला घालावं लागतं म्हणं, म्हणून रविवारीसुद्धा क्रांती चौकाच्या पुलावरून गाडी दामटत जाते. मी म्हणते, "आपण मेंढरं राखली, तू गाठी राख." ती म्हणते, "आई, मेंढरं निदान ऐकतात तरी." त्यातच केस पिकले तिचे.

बहात्तरचा दुष्काळ. लासूर स्टेशनाच्या बाहेर आपलं पाल, आईच्या हातात खडी फोडायचा हातोडा. माझा धाकटा भाऊ तेव्हा दुधाचे दात पडायच्या वयाचा. एका बाजूला कलून चालायला लागला, एक डोळा नाकाकडं वळला, सकाळी उठला की ओकायचा. मेंढरू असं एकाच अंगाला गरगरा फिरायला लागलं की तू त्याच्या कवटीवर अंगठा दाबत जायचास, मऊ जागा लागली की तिथं चाकूनं उघडून पाण्याची पिशवी ओढून काढायचास. काही जगायची, काही जायची. अजून डोळ्यांसमोर हाय, धाकटा तुझ्या मांडीवर बसलाय, आणि तू त्याच्या केसांतून अंगठा फिरवतोयस. पुन्हा पहिल्यापासून फिरवतोयस. कुठंच मऊ लागत नाय. तो हसतोय, गुदगुल्या होतात म्हणून. आईनं परात आपटली. "मेंढराच्या डोक्यातलं काढतोस, माझ्या लेकराचं का नाय काढत?"

तू त्याला खांद्यावर घेतलंस. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलंस, त्यांनीही घरी न्या म्हणून सांगितलं. पोरगं खरवस मागायचं. सगळ्या मेंढ्या आटलेल्या. "पहिली मेंढी व्याली की पहिला चीक तुझा," म्हणायचास. पावसाआधीच तो गेला. त्यानंतर कुणी आजारी मेंढरू आणलं तर "हात कापतो" म्हणून परत धाडायचास. ही माझी लेक जन्मली तेव्हा बारशाला आलास. टाळूवर तेल घाल म्हणलं तर वाटी खाली ठेवलीस अन् बाहेर जाऊन बसलास. टाळू मऊ असते ना लेकराची.

हे सगळं मी हिला परवा पहिल्यांदा सांगितलं. हिनं विचारलं, "गिळताना ठसका लागायचा का गं? बोलणं जड झालं होतं?" मी म्हणलं, व्हय. तशी ती म्हणाली,

"आई, आता खात्रीनं कुणीच नाही सांगू शकत. पण ती मेंदूच्या देठातली गाठ असावी. बाहेरून हाताला काहीच लागत नाही. तिथं सुरी घातली तर श्वासच थांबतो. मलाही नाही काढता येत अजून. सुईनं जेमतेम कणभर निघतो, माझ्या त्या बशा त्याच गाठीच्या आहेत."

बा, मला वाटलं होतं ही म्हणंल, आता असं पोरगं वाचतं. ते ऐकायला मी मन घट्ट करून बसले होते. हे ऐकायची तयारी नव्हती. तुझा अंगठा चुकला नव्हता रे. एवढी शिकलेली तुझी नात, तिचाही हात तिथंच येऊन थांबतो. आईला सांग. तीही हे न ऐकताच गेली.

लेक लिहायची थांबली होती. "रडू नको, शाई पसरंल," म्हणलं. "आई, हा बॉलपेन आहे," म्हणाली, अन् दोघी हसलो.

हा कागद टपालात टाकायचा नाय, पिठाच्या डब्याखाली ठेवीन. आणि एक, कुणाला सांगू नको. नातवंडांना न्हाऊ घालताना मी अजून त्यांच्या डोक्यावरून अंगठा फिरवते. काही लागणार नाय हे आता कळलंय, तरी फिरवते.

तिकडं मेंढी व्याली असंल तर पहिल्या चिकाचा खरवस धाकट्याला दे. गूळ हात राखून घालू नको. उरला तर वाटीभर इकडं पाठव. माझ्यासाठी नाय, हिच्यासाठी. बशांना खायला घालून आलीय, स्वतः सकाळपासून उपाशी हाय.